तिसरी हाक

हाकेच्या खिंडीतल्या खानावळीत सगळं तयार होतं आणि तरीही कुणी वाढत नव्हतं. ऋजुताला पहिल्यांदा खटकलं ते हेच.

शेंगोळ्यांचं पातेलं चुलीवरून उतरवून पाटाशेजारी ठेवलेलं होतं. झाकणाच्या कडेनं लसणाचा वास घेऊन वाफ निसटत होती. नाचणीच्या भाकऱ्या टोपलीत फडक्याखाली होत्या. पत्रावळीही मांडून झाल्या होत्या, पण त्या होत्या चार. माणसं तर तीनच. आई, बाबा आणि ती. चौथी कुणाची, हे विचारावं का, असं मनात येतंय तोच मागे काहीतरी खणकन पडलं आणि ती ताडकन उभी राहिली.

"मांजर आहे गं," आई म्हणाली. "बस खाली. सकाळी काय ठरलंय?"

ठरलं होतं ते असं, की आजच्या दिवस ऋजुतानं काळजी करायची नाही. फोन लागला नाही तरी नाही, गाडीतून कसला आवाज आला तरी नाही. आईनं ही अट घातली तेव्हा बाबांनी स्टिअरिंग सोडून टाळी वाजवली होती, आणि तेवढ्यानंसुद्धा ही दचकली होती.

सहल तशी मजेत चालली होती. सकाळी हायवेवर मिसळ झाली, मग लेण्यांच्या पायऱ्यांवर फोटो, मग घाटाच्या तोंडाशी भाजलेली कणसं. जेवायचं मात्र खिंडीतच, असं ओळखीतल्या सगळ्यांनी बजावून सांगितलं होतं. हुलग्याचे असे शेंगोळे दुसरीकडे मिळत नाहीत म्हणे. गाडी थांबली तशी खानावळीतली हौसा दारातूनच म्हणाली, "पानं मांडलीच बघा." त्या भरवशावर बाबांनी गाडीतच इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं, आपली शबनम पिशवी आत खुर्चीला अडकवली आणि "कडा बघून आलोच" म्हणत बाहेर पडले.

ते गेले आणि खालच्या कोकणातून धुकं वर चढलं. आधी कुंपण गेलं, मग अंगणातला उंबर गेला. फोनला रेंज नव्हती.

ऋजुतानं अंगणात जाऊन हाक मारली होती. "बाबा!" थोडं थांबून पुन्हा एकदा. पलीकडच्या बाकावर चहा पिणाऱ्या दोघांनी माना वळवल्या आणि तिला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

"पुरे," आईनं आतून म्हटलं होतं. "इंजेक्शन घेतलं की खडीसाखर खिशात असतेच त्यांच्या. लहान आहेत का?"

म्हणून ती येऊन बसली होती. तिचं लक्ष मात्र झाकणावर होतं.

"मावशी, वाढून ठेवता का? बाबा आले की लगेच त्यांना बसता येईल."

 हौसानं चुलीच्या पलीकडे बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. गेनूबाबा. पांढरी टोपी, खांद्यावर घोंगडी.

"माणूस बाहेर असताना झाकण निघत न्हाई पोरी," ते म्हणाले. "आन् तू हाका किती मारल्यास? दोनच ना? म्या मोजल्या."

"दोन पुरे झाल्या की," आई हसून म्हणाली. "हिला थांबवलं नाही तर दिवसभर हाका मारेल."

"ताई, या खिंडीत दोन हाका मारल्या काय, न मारल्या काय, सारखंच." गेनूबाबांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "चार पानं बघून घाबरलीस न्हवं? ऐक मग."

पूर्वी, असं सांगतात, या खिंडीतून मिठाचे बैल वर चढत. कोकणातून मीठ यायचं, देशावरून धान्य जायचं, आणि दोन्हीकडच्या माणसांना भूक लागायची ती इथेच, चढ संपतो तिथे. तेव्हा इथे ठकूबाई नावाची बाई चूल पेटवून बसलेली असे. तिच्या चुलीवरून उपाशी पुढे गेलेला माणूस कुणी पाहिला नाही म्हणे. तिला एकच लेक, बायजा. कड्याखालच्या झऱ्यावरून पाणी आणायचं काम बायजाचं.

धुक्यात चकवा हाक मारतो, अशी या डोंगरातल्या माणसांची पक्की समजूत होती. ओळखीच्या आवाजात बोलावतो आणि ओ दिली की कड्याकडे नेतो. पण चकव्याला दोनच हाका मारता येतात, तिसरी मारायची ताकद त्याच्यात नाही. म्हणून इथली आई पोराला चालायला लागल्याबरोबर शिकवी, की दोन हाकांना गप्प बसायचं. तिसरी आली की ती आपल्या माणसाची, मग खुशाल ओ द्यायची. ठकूनंही बायजाला तेच शिकवलं होतं.

एकदा असंच धुकं चढलं. बायजा पाण्याला गेलेली. वर बैलांचा मोठा तांडा उतरलेला, माणसं भुकेनं कावलेली. ठकूनं कड्यावर जाऊन हाक मारली. दुसरीही मारली. ओ आली नाही. ती तिसरीसाठी श्वास घेत होती, तर मागून तांड्यातलं कुणीतरी ओरडलं, "बाई, पोर येईल तिच्या पायानं, भाकरी निवतीय!" माणसं हसली. ठकूला लाज वाटली. पाहुणे खोळंबलेत आणि आपण काय लेकीच्या नावानं बोंबलत उभ्या! ती मागे फिरली, झाकण काढलं आणि वाढायला बसली.

गेनूबाबांनी लाकूड पुन्हा चुलीत सारलं. आईच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, पण आता ते तिथे विसरून राहिल्यासारखं दिसत होतं.

धुकं निवळल्यावर माणसं खाली उतरली. वाटेतल्या कातळावर भरलेली घागर होती. पडलेली नव्हती, नीट ठेवलेली होती. शेजारी डोक्यावरची चुंबळ, बसायला घेतलेली. घागरीतलं पाणी काठोकाठ होतं. बायजा मात्र नव्हती. पुढे कधी सापडलीही नाही.

ठकू त्या चुंबळीकडे बघत राहिली म्हणे, आणि तिला सगळं समजलं. लेकीनं दोन्ही हाका ऐकल्या होत्या. शिकवल्यासारखी ती शहाण्या पोरीगत बसून राहिली होती. तिसरीची वाट बघत.

त्यानंतर ठकूनं चूल सोडली नाही. स्वयंपाक होई, पानं मांडली जात, एक पान जास्तीचं. मग ती कड्यावर उभी राहून तीन हाका मारी आणि ओ आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, अशी तिनं शपथ घेतली. ओ कुठून येणार? जेवण निवून जाई. तांडे दुसऱ्या घाटानं जाऊ लागले. बाईचं डोकं फिरलं, असं लोक म्हणू लागले. ती स्वतः कंदमुळं खाऊन राहिली, पातेल्यातलं काही तिनं तोंडात घातलं नाही.

आणि मग पुन्हा एका धुक्याच्या दिवशी तिसऱ्या हाकेला खालून ओ आली.

वर आला तो मिठाच्या तांड्यातला एक पोरगेला गडी. बैलामागे वाट चुकलेला, थंडीनं काळानिळा पडलेला. "आये, दोन हाका आल्या तवा चकवा समजून गप बसलो," तो म्हणाला. "तिसरी आली, मग आवाज धरून चढलो." ठकूनं त्याला जास्तीच्या पानावर बसवलं आणि झाकण काढलं. कुणी म्हणतात, ती ओ बायजानंच दिली होती, त्याच्या तोंडून. कुणी म्हणतात, त्याला कातळावर एक मुलगी बसलेली दिसली, तिनं वर बोट दाखवलं. खरं काय ते ठकूला ठाऊक.

"तवापासून हे असंय," गेनूबाबा म्हणाले. "आजही तिसऱ्या हाकेला कुणीतरी ओ दिल्याबिगर इथलं झाकण निघत न्हाई. रोज कोण हरवतंय? पर कधी गुराखी ओ देतो, कधी समोरच्या वाडीतली बाई धुणं वाळत घालता घालता देते. चालतंय. माणसाची ओ पायजे. फकस्त, ज्यांचं माणूस बाहेर असंल त्या दिवशी हाक त्यांनीच मारायची."

 चुलीच्या धुरानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसायला रुमाल हवा म्हणून ऋजुतानं बाबांच्या शबनममध्ये हात घातला. रुमालाच्या खाली बोटांना कागद लागला. तिनं पुडी बाहेर काढली.

खडीसाखर.

आईनं ती पाहिली आणि तिचा हात तोंडाशी गेला. "अगबाई," ती एवढंच म्हणाली. "इंजेक्शन घेतलंय गं त्यांनी. पोटात काही नाही. चक्कर आली तर, तिथे कड्यावर..."

"मी जाते खाली," ऋजुता उठली.

"न्हाई!" गेनूबाबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "धुक्यात माणसामागं माणूस धाडत न्हाईत. दोघं हरवतात. हाक धाड."

"आणि नाही ऐकू गेली तर?"

"आधी मार तर."

ती दारापर्यंत गेली आणि थबकली. बाकावरचे ते दोघे अजून तिथेच होते.  मागून आई आली, तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासून "काळजी करू नकोस" म्हणणारी आई.

"मार गं ऋजू," ती म्हणाली. "मोठ्यानं मार."

ऋजुता अंगण ओलांडून कड्याच्या दगडी कठड्यापाशी गेली. पुढे काहीच नव्हतं, नुसता पांढरा ओलावा आणि खाली कुठेतरी पाण्याचा आवाज. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले. आयुष्यात कधी एवढ्या मोठ्यानं ती ओरडली नव्हती.

"बाबाऽऽऽ!"

आवाज गेला. समोरच्या डोंगरावर आपटून लहान होऊन परत आला. बाकावरचे दोघे चहाचे पेले खाली ठेवून उभे राहिले होते. दारात हौसा पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. पाणी वाजत होतं. ऋजुतानं कठडा घट्ट धरला.

आणि मग धुक्याच्या तळातून, डावीकडून, दमलेल्या पण चांगल्याच ओळखीच्या आवाजात,

"ओऽऽ! बोलत राहा गं, पायाखालचं दिसत नाहीये!"