वाघजाळीच्या आखाड्यात आया माती देतात ती का

तुम्ही आलात त्या बाजूनं आखाड्याकडं बघितलंत, तर पुढच्या अंगाला एक बसकी दगडी पायरी दिसेल, शेणानं सारवलेली. ती बायकांची जागा. दुसऱ्या गावी कुस्तीच्या फडात बाईमाणूस दिसत नाही. आमच्यात जत्रेला पहिली ओळच बायकांची. आणि त्याही कुठल्या बायका नव्हेत, लढणाऱ्यांच्या आया. जोड ठरली की आई उठते, ओंजळभर माती घेते आणि आपल्या लेकाच्या नाही, समोरच्या पैलवानाच्या हातात घालते. आई नसली तर बहीण, नाहीतर चुलती. मग कुस्ती लागते.

पाव्हणे विचारतात, हे काय? बसा, सांगतो. घाई असली तर मात्र नको. ही गोष्ट घाईनं सांगितली की रामगोंडावर अन्याय होतो, आणि तो आधीच पोटभर झालाय.

इनामदारांच्या अमलातली गोष्ट आहे ही. इनामदारांना मूल होत नव्हतं. त्यांनी ह्या सिद्धोबाला नवस बोलला, म्हणे, असा: "पोटी एक लेकरू दे. तुझ्या नावानं आखाड्यात पैलवान पोसीन. त्याची पाठ मातीला लागू देणार नाही. जोवर त्याची पाठ कोरी, तोवर माझं लेकरू तुझ्या छायेत." देवानं ऐकलं. मुलगा झाला. मग पंचक्रोशीतनं पोरं बघून इनामदारांनी एक निवडला, तो रामगोंडा. उंच, पाठीचा रुंद, हसतमुख. निवडला तेव्हा तो चांगलाच लढायचा असं सांगतात. पण हे सांगतातच. बघितलेलं कोण राहिलंय?

रामगोंडाला दूध, बदाम, तूप कशाची कमी नव्हती. आणि तो जिंकत गेला. ह्या जत्रेत जिंकला, त्या उरुसात जिंकला. भले भले पैलवान यायचे, थोडी खडाखडी व्हायची, आणि अस्मान बघायचे. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. लोक वासराला त्याचं नाव ठेवायचे. त्यालाही हळूहळू चढली. हरलेल्याच्या उशाशी उभं राहून दंड थोपटायची सवय लागली.

आता खरं काय होतं ते ऐका. कुस्ती ठरली की आदल्या आठवड्यात वाड्यावरची सुईण त्या पैलवानाच्या घरी जायची. अर्ध्या मुलखातल्या पैलवानांची नाळ तिनंच कापलेली, त्यामुळं कुठल्याही घरी तिला पाट होता. ती काही मागायची नाही. पदराखालनं एक टोपरं काढायची, इनामदारांच्या लेकराचं, आणि पैलवानाच्या आईच्या मांडीवर ठेवायची. "बघ बाई," म्हणायची, "ह्या डोक्याचं आयुष्य तुझ्या लेकाच्या हातात आहे." एवढंच. आणि टोपरं उचलून परत जायची.

सुईणीला इनामदारीणबाईंनी पाठवलं होतं. इनामदारांना ठाऊक होतं की नाही, यावर आमच्यात दोन मतं आहेत. रामगोंडाला ठाऊक नव्हतं, यावर एकच मत आहे.

कुठली आई ते टोपरं बघून लेकाला जिंक म्हणेल? आणि कुठला लेक दुसऱ्याच्या बाळाच्या जिवावर गदा मिरवेल? पडायचे सगळे. भीतीनं नाही, लाचारीनं नाही. मायेनं पडायचे. आणि तोंड मिटून घरी जायचे. सगळ्या मुलखाला माहीत होतं, एका माणसाला सोडून.

मग एका वर्षी नदीपलीकडनं मुलाण्याचा सुभान आला. कोवळा, पण नाव झालेला. तो पडला. रामगोंडा त्याच्या उशाशी उभा राहिला, दंड थोपटले आणि सगळ्या फडाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे सुभान्या, आईनं दूध पाजलं का ताक?"

फडाच्या बाहेर, बैलगाडीपाशी सुभानची आई उभी होती. बायका तेव्हा आत येत नव्हत्या. तिथनंच ती ओरडली, "दूधच पाजलं रे बाबा. आणि पडायलाही मीच सांगितलं. तू त्या लेकराच्या टोपऱ्यावर जगतोस, माझ्या लेकाला काय हिणवतोस?"

हलगी थांबली. लोक पायाकडं बघायला लागले. रामगोंडानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्या खाली घातलेल्या मानांवरनंच त्याला सगळं कळलं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा आहार सुटला. तो गावोगाव फिरायला लागला. ज्याला ज्याला पाडलं होतं, त्याच्या दारात जायचा. कुणी नांगर सोडून आला, कुणी मोट थांबवून. सगळ्यांना एकच विचारायचा, "दादा, खरं लढला असतास तर काय झालं असतं?" ते तरी काय सांगणार? एकजण म्हणाला, "मी जिंकलो असतो असं वाटतं." दुसरा म्हणाला, "तू भारीच होतास गड्या, उगं जिवाला लावून घेऊ नको." ते ऐकून तर तो जास्तच खचला. शेवटी तो नदी उतरून सुभानकडं गेला. म्हणाला, "कुणाला कळायला नको. ओढ्यात उतरू, वाळूवर लढू. मला एकदा कळू दे." सुभाननं हात जोडले. "दादा, तुला कळंल. पण पाठ लागली तर ते लेकरू? मला नाही जमायचं." रामगोंडा उठला. तो तसाच परत आला.

त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. किती घरं उठली त्याला हिशेब नाही. वाड्यावरचं लेकरूही गेलं.

खरं तर तिथं गावानं ओळखायला पाहिजे होतं. रामगोंडाची पाठ कोरी होती आणि लेकरू गेलं, म्हणजे ह्या दोन गोष्टींची गाठ कुणी देवानं मारलेली नव्हती. पण माणूस असा विचार करत नाही, बाबा. लोकांनी म्हटलं, हा नदीपलीकडं कशाला गेला होता? तिथं दोघं चोरून लढले असणार. ह्याची पाठ लागली असणार. इनामदारीणबाईंनी तोंडावर विचारलं, "कुठं पडलास रे, सांग." तो म्हणाला, "बाईसाहेब, मी अजून खरा लढलोच नाही, तर पडणार कुठं?" कुणाला पटलं नाही. काल ज्याला न लढता जिंकलेला केला होता, त्याला आज न लढता हरलेला केला. आणि वर लेकराचा जीव त्याच्या पाठीवर टाकला.

पुढच्या जत्रेला रामगोंडा आखाड्यात उतरला. सलामी दिली आणि म्हणाला, "आता कुणाचं टोपरं नाही. या." कुणी हललं नाही. लोकांना त्याला हात लावायचा नव्हता. ऊन कलेपर्यंत तो मधोमध तसाच उभा. शेवटी सुभान उठला.

ती कुस्ती कशी झाली, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दोघं घामानं आणि मातीनं असे माखले की ओळखू येईनात. सुभाननं पट काढला, रामगोंडा सुटला. रामगोंडानं मान धरली, सुभान खालनं निसटला. मग रामगोंडानं एकदम ढाक मारली. सुभान वरनं फिरून पाठीवर आला, दोन्ही खांदे मातीत. स्वच्छ. बघणाऱ्याला शंका राहू नये अशी.

पण टाळी नाही, शिट्टी नाही. हलगीवाल्यानं टिपरू उचललं आणि लोकांकडं बघत तसंच धरून ठेवलं. मग मागनं कुणीतरी हळहळत म्हणालं, "चांगल्या मनाचा आहे सुभान्या. उतरत्या वयात तेवढं तरी दिलं बिचाऱ्याला."

रामगोंडानं ते ऐकलं. तो सुभानजवळ गुडघ्यावर बसला. "खरं सांग. लढलास का?"

"आईची आन दादा, जीव लावून लढलो."

रामगोंडा हसला म्हणे. "आईची आन नको घालूस, बाबा. पहिल्यांदा पडलास तेही आईचंच ऐकून."

उठला, अंगावरची माती पुसली आणि घरी गेला. सुभान कितीतरी वेळ ओरडत होता, की मी लढलोय, अरे मी खरा लढलोय. लोक त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. तुझं मन मोठं, म्हणत होते.

रामगोंडा मेला नाही की परागंदा झाला नाही. गोष्टीत तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तो पुष्कळ वर्षं जगला. म्हशी राखायचा. जत्रेच्या दिवशी म्हशी घेऊन लांबच्या माळाला जायचा.

पुढच्या साली सुभानची कुस्ती वाघजाळीच्याच एका पैलवानाशी लागली. तेव्हा त्याची म्हातारी बैलगाडीपाशी थांबली नाही. गर्दीतनं वाट काढत सरळ आखाड्यात आली. लोक म्हणाले, "अगं म्हातारे, कुठं चाललीस?" तिनं कुणाकडं बघितलं नाही. ओंजळभर माती घेतली, लेकाच्या समोर उभ्या असलेल्या पैलवानाच्या हातात घातली आणि मोठ्यानं म्हणाली, "माझ्या लेकाला सोडू नको. तुला तुझ्या सिद्धोबाची आन. पडला तर पडू दे." मग समोरच्या पैलवानाची आई घरनं बोलावून आणली. तिनंही तसंच केलं. तेव्हापासून हे आहे. रामगोंडाला माळावर कुणीतरी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "उशीर केला म्हातारीनं." आणि म्हशी वळवायला गेला.

आजही आया माती देतात. वाटतं तेवढं सोपं नसतं ते. गेल्या खेपेला एक बाई ओंजळ धरून उभी राहिली, पण "सोडू नको" म्हणवेना. अख्खा फड थांबला. शेवटी तिचा लेकच म्हणाला, "आई, बोल की. नाहीतर मी जिंकूनही जिंकायचा नाही." तेव्हा बोलली.

आणि आजही जत्रेच्या सकाळी जुन्या पैलवानांची नावं पुकारतात. प्रत्येक नावाला हलगी वाजते, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणं. रामगोंडाचं नाव आलं की हलगीवाला हात वर धरून पंचांकडं बघतो. पंच एकमेकांकडं बघतात. वाजवायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. मग पुकारणारा पुढचं नाव घेतो.