गुरुजी बसले की बंद पडणारी गाडी

फार जुनी नव्हे, अलीकडचीच गोष्ट. एका तालुक्याच्या गावी जिवाजी मिस्त्री नावाचे एक वृद्ध गृहस्थ गाड्यांच्या वायरिंगचे काम करीत. त्यांच्या हाताखाली प्रल्हाद नावाचा शिष्य होता. तिशीतला, हुशार, आयटीआयमध्ये पहिला आलेला. आता पहिले येणाऱ्यांचे एक असते, त्यांना ऐकण्यापेक्षा उत्तर देण्याची घाई फार!

एका बुधवारी सकाळी इंदुमतीबाई आपली व्हॅन घेऊन आल्या. त्यांचे यजमान विश्वंभर गुरुजी, निवृत्त शिक्षक. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. दर सोमवारी आणि गुरुवारी जिल्ह्याच्या गावी डायलिसिस. बाई स्वतः गाडी चालवून त्यांना नेत. पण महिनाभर ही व्हॅन वाटेतच दगा देत होती. इंजिन, दिवे, हॉर्न, सारे एकदम ठप्प. आणि थोड्या वेळाने काहीच न घडल्यासारखी चालू! प्रल्हादने बॅटरी बदलली, फ्यूज बदलले, एकट्याने साठ किलोमीटर फिरवून आणली. गाडी एकदाही अडली नाही.

आज मात्र बाईंना रडू आवरेना. "परवा ते गेलेच नाहीत, मिस्त्री. उद्याही जाणार नाही म्हणतात. म्हणतात, मी बसलो की गाडी मरते, मला उतरवलं की जिवंत होते. वरून बोलावणं आलंय, उगाच अडवू नका. डॉक्टरांनी तर बजावलंय, उद्याची पाळी चुकली तर आमच्या हातात काही नाही."

प्रल्हादला हसू आले. "काकू, वायरला काय कळतंय कोण बसलंय ते? गुरुजींच्या मनाचे खेळ आहेत हे."

"तू गप्प बस जरा," मिस्त्री म्हणाले आणि बाईंकडे वळले. "वहिनी, गुरुजी बसतात कुठं? आणि कसे?"

"पुढं, माझ्या शेजारी. सीट पार मागं ढकलून, पाठीला लोड लावून. पाय लांब केले की बरं वाटतं त्यांना. दवाखाना येईपर्यंत डोळे मिटून पडलेले असतात."

यावर मिस्त्रींनी जे केले ते पाहून समोरच्या चहावाल्याने किटलीच खाली ठेवली. त्यांनी चपला काढल्या, सीट मागे ढकलली, गाडीतलाच लोड पाठीशी घेतला, पाय लांब केले आणि डोळे मिटले. वर, खरोखर आजारी असल्यासारखे कण्हलेही. "चल प्रल्हाद, दवाखान्याच्या रस्त्याला घे."

बाई मागे बसल्या. प्रल्हादला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मिस्त्रीकाकांचे वय झाले आता, असेच त्याला वाटले. तेरा-चौदा किलोमीटर गाडी बिनतक्रार चालली. पुढे एका खड्ड्यात हिसका बसला आणि एका क्षणात सारे बंद.

प्रल्हाद दार उघडून धावणार, तोच मिस्त्री डोळे न उघडताच ओरडले, "कशाला हात लावू नकोस! दिव्याचं बटण चालू कर नि बघत राहा."

बटण चालू केले; दिवा नाही. मिस्त्री हळूच सीटवरून उठले. डॅशबोर्ड उजळला. पुन्हा टेकले. विझला. पुन्हा उठले. उजळला. प्रल्हादच्या अंगावर सर्रकन काटा आला. मागे इंदुमतीबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! म्हणजे ते खरंच सांगत होते."

मिस्त्रींनी सीट उचलली. या व्हॅनची बॅटरी सीटखालीच होती. तिथून साऱ्या गाडीला वीज नेणारी जाड वायर मागच्या बाजूने वळलेली होती. वरून अगदी नवी दिसत होती. प्रल्हादने ती चाचपली, तर एका जागी ती आतून मऊ, पोकळ लागली. सीट पार मागे असली आणि तिच्यावर वजन पडले, की सीटची लोखंडी पट्टी नेमकी तिथेच दाबत होती. आपण गाडी फिरवली तेव्हा त्या सीटवर कुणीच नव्हते, हे त्याच्या आता ध्यानात आले.

"काका, कसं ओळखलंत?" त्याने मिस्त्रींना विचारले.

"मी कुठं ओळखलं? गुरुजींनी ओळखलं. महिनाभर तो माणूस सांगतोय, मी बसलो की बंद पडते. त्यांचं पाहणं शंभर टक्के खरं होतं रे, लावलेला अर्थ तेवढा चुकला. तू अर्थाला हसलास आणि त्याच्याबरोबर पाहणंही फेकून दिलंस. भ्यायलेला माणूस वेडंवाकडं बोलणारच. पण त्या जागी रोज बसत होता तो, तू नव्हतास."

प्रल्हादने वायर कापायला चाकू काढला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. "इथं नाही. गाडी तशीच गुरुजींच्या घरी घे. ज्यानं सांगितलं, त्याला आधी दाखवू."

गुरुजी ओसरीवर पडून होते. पायांवर सूज, चेहरा काळवंडलेला. मिस्त्रींनी हात देऊन त्यांना व्हॅनपाशी आणले, चालवणाऱ्याच्या जागी बसवले, दिव्याचे बटण त्यांच्याच हातून चालू करवले आणि स्वतः शेजारी रेलले. दिवे गेले.

"काय गुरुजी, माझंही बोलावणं आलं का?"

गुरुजींनी मिस्त्रींकडे पाहिले, विझलेल्या दिव्यांकडे पाहिले. मग म्हणाले, "उठा पाहू." दिवे लागले. "बसा." गेले. उत्तराचा ताळा घ्यावा तसे त्यांनी पाच वेळा करून पाहिले. प्रल्हादने बॅटरी सोडवून वायर कापली. आत दोन-तीनच तारा शाबूत होत्या, बाकी सारी तांब्याची गंजून झालेली हिरवी भुकटी. ती त्याने गुरुजींच्या तळहातावर ठेवली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"गुरुजी, चुकलं माझं. तुमचं आधीच ऐकायला हवं होतं."

गुरुजी बराच वेळ ती भुकटी बोटाने चोळत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इंदू," ते म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"