कुणासाठी सोडली

“विकू का नको? एवढंच सांगा उस्ताद. तुम्ही म्हणाल तसं.”

पंक्चरच्या दुकानापुढं निंबाच्या सावलीत दावल उस्तादांची बाज होती. बाजेवर बसून ते रस्त्यावरच्या टेम्पोकडं बघत राहिले. टेम्पोत दोरखंडानं करकचून बांधलेली महावीरची डर्ट बाइक उभी होती. मातीत पळवायची, टेकाडांवरून उडवायची रेसची गाडी. तिला रस्त्यावर आणायची सोय नव्हती, म्हणून टेम्पोत घालून आणलेली.

“मी म्हणेन तसं?” उस्ताद म्हणाले.

“हो.”

“म्हणजे विकलीस तर माझ्यामुळं. ठेवलीस तरी माझ्यामुळं. बरी सोय लावलीस रे स्वतःची.”

महावीर ओशाळून हसला.

महावीर मगदूम हा काही ऐरागैरा गडी नव्हता. चौदा वर्षं रेसमध्ये होता. घरात कपाटभर ढाली होत्या. पण गाडी हातानं नव्हे, मांडीनं धरायची, हे त्याला शिकवलं होतं दावल उस्तादांनी. उस्ताद तरुणपणी जत्रेतल्या मौत का कुआँत, लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर, हात सोडून गाडी फिरवायचे. आता सत्तरी उलटली होती. दुकान त्यांची लेक जरीना बघायची.

“गिऱ्हाईक पाच वाजता येतंय,” महावीर म्हणाला.

“झालं काय, ते सांग.”

महावीरनं खाली बघत सांगितलं. गेल्या रेसला त्याच्या पुढं एक साताऱ्याचा गडी होता. मोठ्या उडीवरून उतरताना पाठीवर आपटला. कमरेखाली जाणीवच राहिली नाही. गेल्या आठवड्यात महावीर त्याला बघायला गेला होता.

“त्याला तीन वर्षांचं पोरगं आहे, उस्ताद. बापाच्या पायांवरून खेळण्यातली गाडी फिरवत होतं. वर, खाली. वर, खाली...”

“मग?”

“बापाला कळतच नव्हतं.”

दुकानात जरीना पाण्याच्या पाटीत ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

“वीक,” उस्ताद म्हणाले.

महावीर चपापला. “एकदम? उस्ताद, चौदा वर्षं...”

“मग नको विकू.”

“पण दोन पोरं आहेत. धाकटा आठ महिन्यांचा.”

“मग वीक.”

“तुम्ही चेष्टा करताय.”

“मी कुठं? तूच टेकाडावर चढतोस आणि तूच उतरतोस. मी नुसता बघतोय.”

महावीरला राग आला. उस्तादांपुढं आवाज चढवायचा नाही म्हणून त्यानं तो गिळला, पण शब्दांत उतरलाच.

“बायकोनं एका शब्दानं वीक म्हटलं नाही. आईनं नाही. मी आपण होऊन तयार झालोय. पोरांसाठी एवढं कोण सोडतं हो? माझ्या बरोबरीचे सगळे अजून पळवतायत. त्यांना काय पोरं नाहीत? काळीज काढून द्यायची गोष्ट आहे ही.”

उस्तादांनी पहिल्यांदाच टेम्पोवरची नजर काढून त्याच्याकडं बघितलं.

“हे घरी बोललास?”

“बोललो की. थोरलीला समोर बसवलं. पाच वर्षांची आहे, सगळं समजतं तिला. म्हटलं, बघ, तुझ्यासाठी नि भैयासाठी बाबा गाडी विकणार.”

“काय म्हणाली?”

“रडायला लागली. म्हणाली, नको ना बाबा, विकू नको, मी आता शहाण्यासारखी वागेन...” महावीरच्या आवाजात कौतुक होतं. “किती समज बघा एवढ्याशा पोरीला!”

उस्तादांनी डोळे मिटले.

रस्त्यावरून उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर खडखडत लांब गेला.

“जरीना,” उस्तादांनी हाक मारली.

ती ओले हात पदराला पुसत आली. चाळिशीची बाई, बापासारखीच हाडापेरानं मोठी.

“मी कुआँ का सोडला गं?”

ती गोंधळली. महावीरकडं बघून कसनुशी हसली. “आता हे काय, अब्बा?”

“सांग की.”

“माझ्यासाठी.” पाढ्यातला आकडा सांगावा तसं ती म्हणाली. “मी पाळण्यात होते, म्हणून सोडला. सगळ्या गावाला माहीत आहे... चहा ठेवू का?”

“ठेव.”

ती आत गेली. स्टोव्हचा आवाज सुरू झाला.

“तीन स्थळं आली होती तिला,” उस्ताद हळू आवाजात म्हणाले. “तिसरा मिरजेचा. फार चांगला होता. दोनदा येऊन गेला बिचारा. तिनं तिघांनाही एकच सांगितलं. अब्बांनी माझ्यासाठी सगळं सोडलंय, त्यांना टाकून कशी येऊ?”

“जरीनाआपाचं मन मोठं आहे, उस्ताद.”

“हं.”

“आणि तुम्हीही सोडलंच ना तिच्यासाठी...”

उस्तादांनी हात पुढं करून त्याचं उजवं मनगट धरलं. म्हातारी बोटं, पण पकड अजून तशीच.

“संभा माझा जोडीदार,” ते म्हणाले. “तो वरच्या फळीवर, मी खालच्या. नऊ वर्षं एका ताटात जेवलो. एका उरुसात तो माझ्या डोळ्यांपुढं वरून पडला, जागीच गेला. चौथ्या दिवशी पुन्हा खेळ लागला. मी गाडी चालू केली. तळाला दोन फेरे घातले. फळीवर चढेनाच गाडी. वरून लोक शिट्ट्या मारत होते... मी भ्यालो होतो, महावीर.”

महावीरनं मनगट सोडवून घेतलं नाही.

“मालकानं विचारलं, दावल, काय झालं? मौत का कुआँवाला दावल भ्याला, हे तोंडातून निघेना. घरी पाळण्यात पोर होती. म्हटलं, लेकरू झालंय, आता त्याच्यासाठी सोडतो. मालकानं पाठ थोपटली. घरी आलो, तर बायको पाया पडली. गावानं नाव घेतलं. खोटं सांगितलं तर एवढा मान मिळाला. खरं कोण सांगतंय मग?”

स्टोव्हचा आवाज बंद झाला. आत कपांची किणकिण झाली.

“आपाला सांगितलंत हे कधी?” महावीरनं विचारलं.

उस्तादांनी नकारार्थी मान हलवली.

“अजून सांगता येईल की...”

“तिच्या केसांत पांढरं आलंय,” उस्ताद म्हणाले. “आता सांगितलं तर परत पाठवलेल्या त्या तिघांचं ती काय करेल? मिरजेचा, दुसरा, पहिला...”

जरीना चहा घेऊन आली. दोघांपुढं कप ठेवले. बापाच्या खांद्यावर पडलेली निंबाची काडी तिनं सवयीनं उचलली आणि परत ट्यूबपाशी जाऊन बसली.

महावीरचा चहा तसाच निवत राहिला. आपलं मनगट अजून उस्तादांच्या हातात आहे आणि ते बारीक थरथरतंय, हे त्याच्या आता लक्षात आलं. साताऱ्याच्या गड्याकडून आल्यापासून ते असंच थरथरत होतं. दोनदा सरावाला गेला होता. दोन्ही वेळा उडीपाशी त्याची मूठ आपोआप ढिली पडली होती. ट्रॅकवरच्या पोरांना त्यानं सांगितलं होतं, क्लच घसरतोय, गाडी उचल घेत नाही.

उस्ताद नुसतं मनगट धरून बसले, ताप बघावा तसं.

“उस्ताद,” शेवटी महावीर म्हणाला. “काय करू?”

“घरी जा. पोरीला मांडीवर घे. सांग, बाबाला भीती वाटते, म्हणून बाबा गाडी विकतोय. तुझ्यामुळं नाही.”

“तिला... मी भ्यालो म्हणून सांगू? कपाटभर ढाली बघत वाढतीये ती.”

उस्तादांनी त्याचं मनगट सोडलं.

“नाही जमलं सांगायला, तर?” महावीरनं विचारलं.

म्हाताऱ्यानं दुकानात, पाटीवर वाकलेल्या लेकीकडं बघितलं.

“तर विकू नको, गाडी चालवत राहा,” ते म्हणाले. “पोरीला ते कमी जड जाईल.”