झिबलाईची वाचनशिळा

तळ्याच्या पाळीवर, तुडुमाच्या जरा अलीकडे, ही काळी शिळा आहे. तुडूम म्हणजे तळ्याचे पाणी शेतात सोडायची मोरी. शिळेच्या मधोमध हात फिरवून पाहा, ताटासारखी गुळगुळीत लागेल. टाकीचा घाव कुठे सापडणार नाही. आमच्या सावरतळीत निवडणूक लागली, की उमेदवाराने अर्ज भरण्याआधी या शिळेपाशी उभे राहायचे असते. कायद्यात असे काही नाही. तालुक्याचे साहेब ऐकून हसतात. पण शिळा टाळून उभा राहिलेला माणूस इथे निवडून आल्याचे माझ्या आठवणीत नाही. पाहुणे विचारतात, ही रीत आली कुठून? मग माझ्या वयाचे जे कोणी पाळीवर बसलेले असेल, ते झिबलाईची हकीकत सांगते.

फार मागची गोष्ट. तेव्हा राजाचा अंमल होता आणि किल्ल्यावर त्याचा कमाविसदार बसून वसूल गोळा करी. तळ्याचा पाटील मात्र गावच निवडायचे, असे सांगतात. होळी झाली की सगळे पाळीवर जमत. ज्याच्या नावाला हात वर होतील, त्याने पाणी वाटायचे. डोमाजी नावाचा, तळी बांधणाऱ्या कोहळी समाजातला माणूस बरीच वर्षे पाटील होता. न्यायी माणूस. सगळ्यांच्या धानाच्या बांध्या भिजल्या, की मग आपल्या शेताला पाणी घेई. अक्षर मात्र त्याला ठाऊक नव्हते.

एकदा किल्ल्यावर त्याच्यापुढे कागद आला. भोवती दरबारी माणसे बसलेली. कारकुनाने विचारले, "वाचलंत ना, पाटील?" डोमाजीला नाही म्हणायची लाज वाटली म्हणे. त्याने मान डोलावली आणि कागदावर नांगराची निशाणी काढली. घरी परतल्यावर कळले, की तळ्याला पाणी आणणारा वरचा नाला त्याने कमाविसदाराच्या उसाला देऊन टाकला होता.

त्यानंतर खालच्या बांध्यांत धान पिकेनासे झाले. भिवाजी गहाणे नावाचा एक शेतकरी होता. त्याचे दोन्ही मुलगे पोटासाठी रायपूरच्या वाटेला लागले, ते पुन्हा दिसले नाहीत. डोमाजीने अंथरूण धरले आणि त्यातच तो गेला. त्याचे दिवस झाल्यावर गाव पाळीवर बसले. भिवाजीने तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि सगळ्यांना शपथ घातली: ज्याला वाचता येत नाही, त्याने या गावात पाटीलकीला उभे राहायचे नाही.

वाचता येणारा एकच होता, पंचांग सांगणारा नरहर जोशी. सरळ माणूस. त्याने पाटीलकी नीट सांभाळली, पण वय झाले होते. पाळीवर चढताना दम लागू लागला, तेव्हा त्याने गावापुढे हात जोडले.

आता कोण? डोमाजीची मुलगी झिबला विधवा होऊन माहेरी आलेली होती. बापाच्या आजारपणापासून पाण्याची भांडणे घेऊन लोक तिच्याच अंगणात येत. ती उभी राहिली.

भिवाजीने विचारले, "तुले वाचता येते?"

"नाई."

"तुह्या बापानं काय केलं, ते विसरली?"

"नाई विसरली," झिबला म्हणाली. "बापाले वाचता येत नव्हतं. पन विचारता तर येत होतं. तो लाजला. मी लाजणार नाई."

"हे बोलनं झालं. शपथ ते शपथ."

"मंग शपथेसारखंच होईल. येत्या होळीले वाचून दाखवीन."

तोवर नरहरनेच पाटीलकी ओढायचे कबूल केले. दुसऱ्या दिवसापासून ती या शिळेशी बसू लागली. नरहर तिला म्हणाला होता, "माझ्या ओसरीवर ये, तिथं सावली आहे." ती म्हणाली, "जोशीबाबा, लाज चारचौघांतच जाते." तळ्यात बोट बुडवायचे, शिळेवर अक्षर काढायचे, उन्हाने ते वाळले की पुन्हा काढायचे. केस पिकू लागलेली बाई ग म भ न गिरवते आहे, हे पाहून पाण्याला आलेल्या बाया पदराआड हसत. तिचे बोट सोलवटे, तेव्हा ती दुसऱ्या हाताने लिही. त्या वर्षात शिळा झिजून अशी गुळगुळीत झाली, असे सांगतात. बोटाने दगड झिजतो का, हे मला विचारू नका. मी ऐकले ते सांगतो.

होळीला तिने गावापुढे वाचून दाखवले. पहिला हात भिवाजीचा वर झाला.

पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी कमाविसदार स्वतः पाळीवर आला. हाती कागद होता. झिबलाने तो घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली, अक्षराला अक्षर जोडत, अडखळत. कमाविसदार म्हणाला, "बाई, निशाणी कर. ऊन चढतंय."

"चढू द्या जी," ती म्हणाली आणि वाचत राहिली.

एका शब्दाशी ती थांबली. पुन्हा वाचून पाहिला. मग सगळ्यांसमोर नरहरकडे वळून तिने विचारले, "बाबा, दरोबस्त म्हणजे काय?"

कमाविसदाराची माणसे हसली. नरहर हसला नाही. "दरोबस्त म्हणजे सगळंच्या सगळं," तो म्हणाला. "मागे काही न ठेवता."

पाळ, तुडूम आणि तळ्याचे पाणी, दरोबस्त कमाविसदाराच्या नावे. झिबलाने कागदाची घडी घातली आणि तो परत दिला. "याच्यावर माही निशाणी होणार नाई."

तिला किल्ल्यावर नेले. तळघरात कोंडले. मधून मधून उजेडात आणून पुढे कागद धरत. ती तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचे आणि परत देई. पुढे पुढे अक्षरे पुसट दिसू लागली. मग दिसेनाशी झाली. कमाविसदार बदलून गेला, नव्या कमाविसदाराने तिला सोडून दिले, तेव्हा नरहरने तिला हात धरून गावात आणले. तळे गावाचेच राहिले होते. झिबलाचे डोळे गेले होते.

होळी आली. गाव तिचेच नाव घेऊ लागले, तर तीच म्हणाली, "मले आता वाचता येत नाई. शपथ मोडू नका."

मग भिवाजी उठला. "माही पोरं गेली, म्हनून ती शपथ मी घातली," तो म्हणाला. "जिनं आपलं पानी राखलं तिलेच ती आडवी येत असन, तर ती कुठंतरी चुकली." तो पाण्यात उतरला, ओंजळ भरली, आणि सगळ्यांच्या देखत सोडून दिली.

मागून कोणी तरी म्हणाले, "अन् पुन्हा डोमाजीवानी झालं तं?"

ते विचारणे रास्त होते. झिबलाने त्याच्या आवाजाकडे तोंड केले. "गावाचा कागद इथंच वाचायचा, सगळ्यायपुढं. ज्याले येते त्यानं वाचावा, ज्याले येत नाई त्यानं वाचून घ्यावा. समजलं नाई ते मोठ्यानं विचारावं. अन् पोरीयले अक्षर शिकवा. माह्यावानी उशीर नोको."

ती मरेपर्यंत पाटील होती, आणि प्रत्येक कागद गावाने तिला वाचून दाखवला, असे म्हणतात.

उमेदवार निदान दहावी तरी झालेला असावा, असे आमची तरुण मुले म्हणतात. कुठे कुठे तशी अट असते म्हणे. मुलांचे म्हणणे मी उडवून लावत नाही, भिवाजीची पोरे खरेच गेली होती. यावर चावडीत दर निवडणुकीला भांडण होते आणि ते मिटत नाही. आजही उमेदवार शिळेपाशी येतो. गाव त्याच्या हाती एखादा सरकारी कागद देते. कोणी स्वतः वाचतो, कोणी शेजारच्याकडून वाचून घेतो, आणि लोक तो कुठे थांबतो, काय विचारतो, ते पाहत बसतात. एखादा कुठेही न थांबता भराभर शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचला, तर आमच्या म्हाताऱ्या बाया एकमेकींकडे पाहतात आणि त्याला म्हणतात, "भाऊ, आता आमाले समजावून सांग."