करंजपूरचा पाठपिंजरा

करंजपूरच्या जनावरबागेत शिरले की उजव्या हाताला भर उन्हात एक मोठा पिंजरा उभा आहे. आत काही नाही. बाकीची बाग आता नवी झाली, जनावरांना मोकळी आवारे आणि खंदक आले, पण हा पिंजरा कुणी हलवला नाही. जवळ जाऊन पाहिले तर त्याचा एकही गज दुसऱ्यासारखा नाही. कुठे नांगराचा फाळ ठोकून लांबवलेला, कुठे विहिरीच्या रहाटाचा दांडा, कुठे खिडकीच्या चार सळया पिळून केलेला एक गज. एका ठिकाणी दोन गज अंगाला अंग लावून उभे आहेत आणि लोखंडी पट्ट्यांनी घट्ट आवळलेले आहेत. आलेला पाहुणा नेमका तिथेच हात लावतो. लावावा, हरकत नाही, पण आधी ऐकून घ्यावे.

संस्थान होते तेव्हाची ही गोष्ट. नेमकी कोणत्या महाराजांच्या वेळची, यावर गावात दोन तट आहेत आणि शहाण्याने त्यात पडू नये. तेव्हा बागेत रंभा नावाची वाघीण होती. थोरल्या राणीसाहेबांनी तिला बछडी असताना आणवली होती, असे सांगतात. त्याच साली गावात पटकीची साथ आली, घरेच्या घरे बसली, तेव्हा राणीसाहेब अनवाणी देवीच्या टेकडीवर गेल्या आणि बोलून आल्या, की माझे गाव वाचव, तुझ्या वाहनावर या गावात कधी बंदूक उठणार नाही. साथ ओसरली. राणीसाहेब पुढे वारल्या, नवस मात्र गावाच्या गळ्यात राहिला.

वर्षे गेली, पिंजरा गंजला. एके सकाळी राखणदाराने पाणी ठेवताना गज धरला तो बिस्किटासारखा हातात आला. रंभा आत झोपली होती म्हणून तो वाचला. तिला घाईघाईने शिकारखान्यातल्या लाकडी खोक्यात कोंडली. महिनाभर ती त्या खोक्याच्या फळ्या कुरतडत होती आणि तो आवाज बाजारपेठेपर्यंत येत होता. बायका पाण्याला घोळक्याने जाऊ लागल्या. दिवाणसाहेबांनी सांगितले, दुष्काळाने खजिन्यात खडखडाट आहे, नवा पिंजरा होणे नाही, गोळी घाला. गाव हादरले. जगली तर फळी फोडून बाहेर येईल आणि मारली तर पटकी परत येईल, अशा कात्रीत सापडलेल्या माणसांना झोप कशी लागावी?

शेवटी पंचांनी दवंडी पिटवली. पिंजरा गाव बांधील, घरटी एक लोखंड द्यावे. पैसा कुणाजवळ नव्हता, पण लोखंड नाही असे घर नसते. लोकांनी हात आखडला नाही. ज्यांचे एकच कुदळीचे पाते होते त्यांनी तेही आणून टाकले.

टांगेवाला सिदबा घोरपडे याच्याकडे मात्र दोन लोखंडे होती. टांग्याच्या दोन चाकांना जोडणारा आख त्याने नुकताच नवा बसवला होता आणि जुना परसात पडला होता. जुन्याला मधोमध चीर होती. बाजारात भोळे गिऱ्हाईक पाहून विकावा म्हणून सिदबाने त्या चिरेत राळ आणि मेण भरले, वर काजळी चोळली आणि काम असे बेमालूम केले की त्याला स्वतःलाही चीर बोटाने सापडेना. तो वाईट माणूस नव्हता. घोड्याला आधी खाऊ घालून मग जेवणारा होता. पण दवंडी ऐकून त्याच्या मनाने हिशेब मांडला, की एवढ्या गजांत माझा एक, कोणाला कळणार आहे? त्याने तो आख खांद्यावरून वाजतगाजत नेऊन ढिगावर टाकला. त्याची आई तानूबाई सगळ्या आळीला सांगत सुटली, "माझ्या लेकानं टांग्याचा आख दिला! टांग्याचा!"

पिंजरा घडवला रामलिंग लोहाराने. आखासारखे मुळातच लांब तुकडे त्याने भट्टीत न घालता तसेच बसवले. हाताचा मोठा कसबी, पण चाळीस वर्षे घण मारून त्याचे कान पार गेले होते. लोहार लोखंड वाजवून पारखतो, खरे असेल तर खणखणते आणि फुटके असेल तर बद्द वाजते. रामलिंगला दोन्ही सारखेच. म्हणून पिंजरा उभा राहिला तेव्हा तो पंचांसमोर आला आणि म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई. कुनाचं लोखंड कसं हाय ते ज्यानं दिलं त्यालाच ठावं. तवा परवा पुनवंला वाघीण आत सोडायची, तर घरटी एकानं आपल्या आपल्या गजाला पाठ लावून हुबं ऱ्हायचं. जनावर नव्या जागंत आलं की आधी समदं चाचपतं. ती खाली बसंपतूर कुनी हलायचं न्हाई."

पंचांनी मान डोलावली. सिदबा गर्दीतून मागच्या मागे निघाला.

त्या दोन दिवसांत तो धड जेवला नाही. टांगा हाकताना त्याचा हात सारखा मानेमागे जायचा. घरी आला तर आई नवे लुगडे उन्हात घालत होती. "घरातल्या थोरल्यानं हुबं ऱ्हायचं असतं," ती म्हणाली. "मीच ऱ्हाणार. आळी बघंल तरी, तानूबाईचं लोखंड कसलं हाय ते."

सिदबा उठला आणि थेट लोहाराच्या भट्टीवर गेला. नवा आख देऊन जुना गुपचूप बदलून घ्यावा, एवढेच त्याच्या मनात होते. भट्टीवर दहा-बारा माणसे बसली होती. तो रामलिंगच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, माझा गज बदलायचा हाय."

"काय?"

"गज. माझा. चीर हाय त्यात."

"मोठ्यानं बोल रं! काय हाय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. बहिऱ्या माणसाला आपली लबाडी सांगायची तर ती साऱ्या गावाला ओरडून सांगावी लागते, हे सिदबाला तिथे उभ्या उभ्या कळले. "पिंजरा झ्याक झालाय म्हनलं," तो ओरडला. रामलिंग हसला आणि सिदबा माघारी आला. स्वतःची इतकी शिसारी त्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

चैत्री पुनव उजाडली. डोक्यावर ऊन आले तेव्हा बागेत मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. पिंजऱ्याभोवती माणसांचे कडे उभे राहिले, प्रत्येकाची पाठ आपल्या गजाला. कोणी देवीचे नाव घेत होते. तानूबाई नव्या लुगड्यात ताठ उभी होती. तिच्या डाव्या हाताला कासाराची म्हातारी होती आणि उजव्या हाताला साळ्याची पोटुशी सून.

सिदबा कड्याबाहेर होता. खोके पिंजऱ्याच्या दाराला लावले गेले. तेव्हा तो धावत आला आणि आईचा दंड धरून म्हणाला, "आये, सर तिथनं."

"का सरू?"

"सर म्हनतो न्हवं!"

"अरं, गाव बघतंय..."

त्याने तिला अक्षरशः खेचून बाजूला केले. म्हातारी पडता पडता वाचली. लोक छी-थू करू लागले, एवढ्यात खोक्याची फळी वर गेली. सिदबाने आपली पाठ गजाला लावली होती.

मागे काय चालले आहे ते कड्यातल्या एकालाही दिसत नव्हते. कड्याबाहेर समोर उभ्या असलेल्या बघ्यांच्या डोळ्यांवरून तेवढे कळायचे. समोरचे डोळे हळूहळू सरकत होते, वाघीण जशी सरकत होती तसे. ती दर गजापाशी थांबायची, हुंगायची, पुढे जायची. एक फेरी झाली. दुसरी झाली. ती बसेना. ऊन असे तापले होते की गज पाठीला भाजत होते. तिसऱ्या फेरीला सिदबाच्या मानेवर काहीतरी ओले टपकले. त्याला वाटले घाम असेल. मग आणखी एक थेंब आला, चिकट आणि गरम, आणि त्याला राळेचा वास आला.

मेण वितळत होते.

त्याच क्षणी समोरचे सगळे डोळे येऊन त्याच्यावर थांबले. मानेवर ऊन ऊन श्वास लागला. मांजर खांबाला अंग घासते तसे रंभेने गजाला अंग घासले आणि सिदबाला पाठीच्या मणक्यांवर चीर उघडल्याचे स्पष्ट जाणवले. पळावे असे त्याला वाटले नाही, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्याचा एक पाय उचललाही गेला होता, म्हणे. पण आपण हललो की गज बाहेरच्या बाजूला उडणार आणि उजव्या हाताला ती साळ्याची सून आहे, हे त्याला दिसले. त्याने पाय परत रोवला, पाठ मागे रेटली आणि उभ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "रामलिंगकाका, माझं लोखंड फुटकं हाय! म्या मेन भरून दिलं! आये, टांग्याचा आख काढून आन!"

बहिऱ्या रामलिंगला ते ऐकू गेले, असे सांगतात. गेले असेल, किंवा लोकांची तोंडे पाहून तो समजला असेल. कडे डळमळले. कासाराची म्हातारी खाली बसू लागली तेव्हा तानूबाई गरजली, "कुनी हलू नगा! हलला त्येचा गज सुटला!" आणि ती स्वतः फाटकाकडे पळत सुटली. टांगा बाहेर उभा होता. चार माणसांनी तो उलथून चाके काढली आणि आख ओढून घेतला.

तेवढा वेळ सिदबा उभा होता. वाकलेल्या गजाशेजारी रुंदावलेल्या फटीतून पंजा बाहेर आला आणि त्याच्या मानेपासून कमरेपर्यंत खाली उतरला. त्याने बोंब मारली, रडला, आईला हाका मारल्या, पण पाठ काढली नाही. रामलिंगने नवा आख फुटक्याला लावून धरला, पट्ट्या आवळल्या आणि पाचरी ठोकल्या. घणाच्या दणक्यांनी रंभा मागे हटली, तिने एकदा सगळीकडे पाहिले आणि पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन अंग टाकले.

लोक सुटले. कोणी हसत होते, कोणी घेरी येऊन पडले. सिदबा मात्र गजाला तसाच चिकटून होता. वाघीण बसली, असे चौघांनी सांगितले तरी त्याला खरे वाटेना, आणि मागे वळून बघायचा धीर होईना. शेवटी तानूबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे नवे लुगडे वंगणाने माखले होते. तिने त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली आणि मग त्याचे डोके आपल्या खांद्यावर घेतले.

"बसली रं," ती म्हणाली. "बसली."

तेव्हा कुठे तो हलला.

रंभा पुढे म्हातारी होऊन त्याच पिंजऱ्यात मेली. पटकी परत आली नाही. तेव्हापासून बागेत काही नवे करायचे तर गाव वर्गणी काढते, आणि देणारा चैत्री पुनवेला येऊन या पिंजऱ्याला पाठ लावतो. आजही ती रीत चालू आहे. पक्ष्यांच्या जाळीसाठी देणारे येतात, जनावरांच्या दवाखान्यासाठी देणारे येतात. पिंजरा रिकामा असतो हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी कोणी मागे वळून बघत नाही. घोरपड्यांच्या घरातली थोरली बाई समोर उभी राहते. तिला वाटेल तेव्हा ती "बसली" म्हणते आणि माणसे हसत, घाम पुसत सुटतात.

गेल्या साली एक कंत्राटदार आले होते. बिबट्याच्या नव्या आवाराची भिंत त्यांनी स्वखर्चाने बांधून दिली होती, फोटो काढायला माणूसही बरोबर आणला होता. बाई "बसली" म्हणाल्या, सगळे सुटले, हे मात्र गजाला पाठ लावून तसेच उभे. सदरा भिजून अंगाला चिकटलेला. फोटोवाला दोनदा म्हणाला, "साहेब, झालं."

"न्हाई बसली, मावशी," ते कसेबसे म्हणाले. "भिंतीत सळई कमी घातलीय."

मावशींनी त्यांना हाताला धरून सावलीत आणले आणि पाणी दिले. भिंत दुसऱ्या दिवशी पाडायला घेतली. बिबट्या अजून आणायचा होता.