देवमाशाने सोडलेला घास

पूर्वी शूर्पारक बंदरावर भद्रसेन राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व पश्चिम समुद्रात निळा देवमासा होऊन जन्मले होते. शरीर पन्नास हात लांब. नावात मासा, पण पिल्लाला दूध पाजणारी ही जात; श्वासासाठी वर यावेच लागते. बोधिसत्त्व श्वास सोडीत, तेव्हा माडाएवढा फवारा उडे. एवढ्या धिप्पाड जिवाचे अन्न काय, तर जवळा! नखाएवढी कोळंबी. तोंडात एकही दात नाही. वरच्या जबड्याला केसाळ पट्ट्यांची झालर. जवळ्यासकट पाणी तोंडात घ्यायचे, जिभेने पाणी बाहेर ढकलायचे, झालरीत अडकलेला जवळा गिळायचा. गळा इतका अरुंद, की नारळसुद्धा उतरायचा नाही.

हे खलाशांना कुठे ठाऊक? भरुकच्छला निघालेले एक गलबत वारा पडल्याने अडकले होते. जवळच फवारा उडाला आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. देवमासा गलबत गिळतो, एक माणूस दिला तर बाकीच्यांना सोडतो, अशी त्यांची समजूत. मग रिवाजाप्रमाणे काड्या ओढल्या. आखूड काडी तिस्सा कुंभारणीच्या हाती आली. म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. गलबताचा प्रमुख, तांडेल नंदक याने काड्या मुठीत कशा धरल्या होत्या, ते कोणी पाहिले नाही. पाहायची इच्छाही नव्हती.

"माझी लेक वाट बघतेय रे," तिस्सा म्हणाली.

"नाइलाज आहे, आजी," नंदक म्हणाला. तिला बांबूच्या तराफ्यावर बसवून त्यांनी तराफा लोटून दिला.

इकडे बोधिसत्त्व दोन महिने उपाशी होते. त्या दिवशी कुठे जवळ्याचा थवा गवसला होता. त्यांनी खालून येऊन जबडा उघडला. पाण्याबरोबर जवळा आत आला, आणि तराफाही.

तोंड मिटले की जवळा पोटात जाणार होता, पण म्हातारी चिरडून मरणार होती. बोधिसत्त्वांनी विचार केला, 'भूक माझी आहे. तिची शिक्षा हिला का?' त्यांनी जबडा उघडाच ठेवला आणि ते हळूहळू मागे सरले. तराफा बाहेर आला. त्यामागोमाग सगळा जवळाही निसटला आणि खोल पाण्यात पांगला. मग त्यांनी तराफा मुस्कटाने ढकलीत गलबतापाशी आणून सोडला.

खलाशांनी दोर टाकला. नंदकाने हात जोडले. "वर या, आजी. आमचं चुकलं."

तिस्साने दोर धरला. ती म्हणाली, "त्याच्या तोंडात जाऊन आले मी. दात नाहीत रे त्याला. चावलात ते तुम्ही."

बोधिसत्त्व रिकाम्या पोटीच दक्षिणेकडे निघून गेले.

ही हकिकत सांगून झाल्यावर शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, आज सकाळी आपल्यातल्या वारण भिक्षूने एका म्हातारीला अपशकुनी म्हणून विहाराच्या दारातून उपाशी परत पाठवले. तीच तेव्हाची तिस्सा. वारण हा तांडेल नंदक होता, आणि देवमासा मी होतो. घास सोडवत नसेल, तेव्हा तो सोडणे ही करुणा."

वारणाने आपले भिक्षापात्र उचलले. त्यातला भात अजून तसाच होता. तो म्हातारीला शोधायला निघाला.