कागदाची केबल

गावच्या विहिरीत पाण्याखाली चालणारा नवा पंप सोडायचा होता. केबलचं वेष्टण कुठे कच्चं निघालं, तर पाण्यात करंट उतरणार, म्हणून तपासणी करणाऱ्या वायरमन इंदू गायधनीच्या सहीवाचून काम अडलं होतं.

ठेकेदार भाऊसाहेब दहातोंडे मात्र घाईत होते. केबलचं भेंडोळं पत्र्यावर टाकून त्यांनी स्वतःच मेगर या तपासणी यंत्राचा दांडा फिरवला. वेष्टणातून करंट झिरपतो का, ते दाखवणारा काटा थेट शेवटाला टेकला.

“बघा, थेंबभर गळती नाही! मारा सही.”

“भेंडोळं आधी दिवसभर पाण्यात ठेवायचं असतं, भाऊसाहेब. मग तपासायचं.”

“केबल आहे ती, बाई, म्हैस नव्हे डुंबायला!”

सरपंचांसकट सगळे हसले.

इंदूने तांब्याची उघडी तार घेतली, भाऊसाहेबांच्या बगलेतला पेपर मागून तिच्यावर घट्ट गुंडाळला आणि ती पत्र्यावर ठेवून दांडा फिरवला. सगळे वाकून बघू लागले. काटा पुन्हा तिथेच टेकला!

“ही पण पास झाली की! हीच सोडू विहिरीत?” इंदूने विचारलं.

“वेड लागलंय का? कागद पाण्यात टिकेल का?”

“हेच तर मी तुमच्या केबलला विचारत होते,” इंदू म्हणाली. “तुम्ही विषय म्हशीवर नेलात.”

सरपंचांनी लगेच हौद भरायला सांगितला. हौद काठोकाठ भरला, पण केबल त्यात उतरलीच नाही. ती केव्हाच भाऊसाहेबांच्या टेम्पोत चढली होती.